ताडपत्रीखालची माती

ताडपत्री आधी आली की नर्सबाई आधी आली, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. सगळं त्यावरच अडलंय आणि नेमकं तेच आठवत नाही. कधी वाटतं, आम्ही बायका पहिल्या दिवशी तालमीत शिरलो तेव्हाच मातीच्या हौद्यावर ताडपत्री होती. कधी वाटतं, छे, पहिल्या दिवशी तांबडी माती उघडी होती आणि मी वाकून तिला हात लावला होता. आमच्या यजमानांना विचारलं तर ते म्हणतात, ताडपत्री कायमच होती. त्यांच्या म्हणण्याला काही अर्थ नाही, कारण लग्नानंतर त्यांनी तालमीत पाऊलच टाकलं नव्हतं. मामंजींना म्हातारपणी एकदा विचारलं, तर "कसली ताडपत्री?" म्हणाले आणि चहा मागितला.

मामंजी म्हणजे माझे सासरे. साताऱ्याकडून तरुणपणी गिरणीत लागायला आले, काही वर्षं साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहिले आणि मग नोकरी सोडून लालबागला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर त्यांनी तालीम काढली. सारा भाग त्यांना वस्ताद म्हणायचा. एकच लांबट गाळा. मधोमध कुस्तीच्या मातीचा हौदा, भिंतींच्या कडेने जेमतेम माणूस उभा राहील एवढी फरशी, समोर मारुतीची तसबीर. मुलं महिन्याची फी देत, मुरगळलेला पाय किंवा निखळलेला खांदा घेऊन गिरणीतली माणसं येत, आणि घर चालत असे.

मी ठाकूरद्वारची. शाळेत लेझीम खेळलेली, ड्रिलमध्ये पुढच्या रांगेत उभी राहणारी. त्यामुळे तालीमवाल्यांच्या घरात पडले तेव्हा माहेरी सगळ्यांना वाटलं, हिला तिथे बरं करमेल. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात मी मामंजींना चहाला बोलवायला खाली गेले आणि उंबऱ्यावर पाय ठेवला, तर आतली सगळी पोरं एकदम ओरडली. तालमीच्या मातीला बाईचा पाय लागत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दिवासुद्धा मामंजीच लावत. मी वर आले, यजमानांना विचारलं, असं का? ते म्हणाले, असंच असतं. आमच्या घरात बहुतेक प्रश्नांचं हेच उत्तर होतं.

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ सुरू झाली आणि आमची तालीम ओस पडली. मला ते काही केल्या उमगेना. सगळीकडे अंगात बळ पाहिजे, छाती पुढे पाहिजे अशी भाषणं चाललेली, आणि बळ कमवायची जागा मात्र रिकामी. पण हिशेब सरळ होता. पोरं पहाटे प्रभातफेरीला, संध्याकाळी सभेला. काही सत्याग्रहात तुरुंगात. जी बाहेर होती त्यांना त्यांचे बाप तालमीकडे फिरकू देईनात, कारण एकदा दोन शिपाई येऊन सगळं बघून गेले होते. त्यांतल्या एकाने व्यायामाचा लाकडी मुगदल उचलून बघितला, तो काही त्याला उचलेना, तेव्हा दोघे कोपऱ्यातल्या काठ्या घेऊन गेले. मामंजी त्यांना काहीच बोलले नाहीत. मला वाटलं होतं ते बोलतील.

यजमान फोर्टात कारकून. त्यांच्या मते हा धंदा केव्हाच संपला होता. शेजारच्या चाळीतल्या पिठाच्या चक्कीवाल्याला मोठी जागा हवी होती आणि त्याचा डोळा आमच्या गाळ्यावर होता. एका रविवारी जेवताना यजमानांनी बापाला सांगून टाकलं, की नागपंचमीपर्यंत बघू, तोवर तालीम उभी राहिली नाही तर गाळा चक्कीला देऊ. नागपंचमी हा तालमीचा सण. त्या दिवशी मातीची पूजा होते, जुने पैलवान येतात, नारळ फुटतो. त्याच सणाची मुदत घालणं मला फार लागलं. मामंजी नुसतं "बरं" म्हणाले आणि ताटातली भाकरी संपवली. तालीम गेली तर हा माणूस सकाळी उठून जाणार कुठे, हे मला कळेना, आणि ते त्यांनाही कळत नसावं. त्या दिवसापासून ते रिकाम्या तालमीच्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसायला लागले.

ह्यातून बायकांचं कसं सुरू झालं ते सांगते. आमच्या चाळीच्या कमिटीने बायकांचा मोर्चा काढला. आम्ही गिरणगावातून चालत निघालो, घोषणा देऊन घसा बसला, पुढे कुठेतरी पोलीस अंगावर आले आणि आम्हाला पळता येईना. नऊवारीचा काष्टा होता त्यांचं निदान बरं होतं. माझी पाचवारी पायात येत होती आणि छाती फुटायची वेळ आली होती. खालच्या मजल्यावरची मालवणी शेजारीण माझ्याहून थोराड, पण तीसुद्धा माझ्या पुढे गेली. मग गुडघ्यावर हात ठेवून थांबली आणि म्हणाली, "गो बाय, घरात तालीम आसा आणि तू धापा टाकतंस?"

सगळ्या हसल्या. परतीच्या वाटेवर मात्र तोच विषय. वस्तादांना विचार, दम कसा वाढवायचा ते शिकवतील का. पुढच्या मोर्चात अशी फजिती नको. मी तीन दिवस चालढकल केली आणि मग ताट वाढताना मामंजींना विचारलं, की दुपारी गाळा रिकामाच असतो, तर बायका येऊन थोडा व्यायाम करतील. त्यांनी वर बघितलं नाही. म्हणाले, "दुपारी मी निजतो."

हे हो होतं की नाही होतं? मामंजी आयुष्यात कधी दुपारी झोपलेले नव्हते. मी ते हो धरलं. दुसऱ्या दिवशी जेवणं आटपून, दार लोटून आम्ही सात-आठ जणी आत उभ्या राहिलो, आणि मी शाळेतल्या आठवणीवर सूर्यनमस्कार घ्यायला लागले. दोन दिवस मामंजी वर खोलीत होते. तिसऱ्या दिवशी बघते तर पायरीवर, आमच्याकडे पाठ करून बसलेले. दार अर्धं उघडं. आतून आम्ही बैठका मारत होतो आणि बाहेरून आवाज आला, "श्वास सोडा. कोंडून ठेवू नगा."

तिथून पुढे ते असेच शिकवायचे. एकदाही वळून बघत नसत. बांगड्यांच्या आवाजावरून त्यांना कळे की कोण अर्ध्यावरच उठतंय. शेजारणीला ते "मालवणी, खाली बसा पुरतं" असं रस्त्याकडे बघत म्हणायचे, आणि येणारा-जाणारा चमकून बघायचा की हा म्हातारा बोलतोय कुणाशी. बाकीच्या चाळींतूनही बायका येऊ लागल्या. कुणाची कंबर धरलेली, कुणाला बाळंतपणानंतर पोट आवरत नव्हतं. मोर्चा हे निमित्त झालं होतं. यजमानांनी फी घ्यायला लावली, मामंजी म्हणाले, बायांचे पैसे मी हातात घेणार नाही. शेवटी फी मी घ्यायची असं ठरलं, आणि गाळ्याचं भाडं त्यातून सुटायला लागलं. यजमान खूश नव्हते आणि नाराजही नव्हते. बायकांच्या कसरतीला तालीम म्हणायचं का, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मलाही नव्हतं.

बायकांना मात्र नुसती फी देऊन बरं वाटेना. वस्तादांना काहीतरी दिलं पाहिजे, असं त्या म्हणायला लागल्या. तेव्हा मामंजी म्हणाले, द्यायचंच तर मातीला द्या. तालमीच्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालतात. त्याने माती मऊ राहते आणि अंगाला बाधत नाही. मग प्रत्येक जण येताना काहीतरी आणू लागली. वाटीभर तेल, तांब्यात ताक, पुडीत हळद. उंबऱ्याच्या आत डाव्या हाताला ठेवायचं आणि जायचं. दुसऱ्या दिवशी भांडी धुऊन पालथी घातलेली असत.

आणि माती मात्र ताडपत्रीखाली. जुन्या लॉरीची असावी तशी जाड, मेणचट ताडपत्री, चारी कोपऱ्यांवर जड दगडी गोटे ठेवलेले. आम्ही भिंतीलगतच्या फरशीवर एकीच्या मागे एक उभ्या राहायचो. हात पसरले की पुढचीच्या अंबाड्याला लागायचे. आत शिरताना वाकून ताडपत्रीच्या काठाला हात लावायचो आणि तो कपाळाला. मी एकदा मामंजींना विचारलं, की जागा पुरत नाही, ताडपत्रीवर उभं राहिलं तर चालेल का. ते म्हणाले, "ताडपत्री हाय ती." आता ह्यावर काय करायचं? आहे म्हणजे उभ्या राहा, की आहे म्हणजे राहू नका? मी बायकांना सांगितलं, नका राहू.

नर्सबाई परळच्या एका इस्पितळात होती आणि भोईवाड्याच्या बाजूला राहायची. तिची-आमची ओळख मोर्चातलीच. शेजारणीचा पाय मुरगळला तेव्हा हिने रस्त्यात बसून तो बांधून दिला होता. ती व्यायामाला आली त्या दिवशी, मी काही विचारायच्या आत, तिने सांगितलं की आमच्या घरी सगळ्यांनी धम्मदीक्षा घेतली आहे. सांगताना ती सरळ माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, या. एवढंच म्हटलं. भिंतीशी उभं राहताना दोन दिवस तिच्या मागे-पुढे जरा जास्त जागा सुटलेली मला दिसली. मग बायका वाढल्या, जागा सोडायला जागाच उरली नाही आणि ते आपोआप मिटलं.

तिचा दम चांगला होता. मामंजींनी एकदा पाठमोऱ्यानेच विचारलं, ही कोण, हिला शिकवायला नको. मी सांगितलं, नर्सबाई, भोईवाड्याकडच्या. ते काही बोलले नाहीत. त्या काही न बोलण्यावरही मी पुढे पुष्कळ विचार केला.

आषाढ चालू होता. एक दिवस फरशी ओली होती आणि शेजारणीचा पाय घसरून ताडपत्रीवर पडला. विस्तव लागावा तसा तिने तो मागे घेतला आणि मारुतीला हात जोडले. सगळ्या हसलो. नर्सबाई पण हसली, आणि मधेच हसायची थांबली. तिच्या हातात ताकाचा तांब्या होता, तो ती उंबऱ्याशी ठेवायच्या बेतात होती.

"वहिनी," ती मला म्हणाली, "आमचं ताक मातीला चालतं. पाय का चालत नाही?"

मी म्हटलं, तसं काही नाही.

"मग कसं आहे? आणि आमचं म्हणजे कुणाचं? ह्या सगळ्यांचं की माझं एकटीचं?"

ते मला माहीतच नव्हतं.   तिने उभ्यानेच ते ताक पिऊन टाकलं, नळाखाली तांब्या विसळला आणि मामंजींच्या बाजूने पायरी उतरून गेली. मामंजी रस्त्याकडे बघत होते. त्यांना ऐकू गेलं नसेल असं होणं शक्य नव्हतं.

त्यानंतर सगळंच बिनसलं. शेजारीण म्हणाली, ती येणार नसेल तर मीही नाही. दुसऱ्या दोघी म्हणाल्या, तिला एवढं लागायचं कारण काय, नियम सगळ्यांनाच आहे. तिसरी म्हणाली, नियम आधी नव्हता, ताडपत्री ती आल्यावर आली. चौथी म्हणाली, आधीपासून होती. माझ्याकडे बघून विचारायला लागल्या, वहिनी तुम्ही सांगा. मी कधी हिला मान डोलवायची, कधी तिला. रस्त्यावर मुंबई कुणाची म्हणून आम्ही घसा फोडत होतो आणि घरातली माती कुणाची हे सासऱ्याला विचारायची माझी छाती होत नव्हती. व्यायामाला चौघीच उरल्या. यजमान म्हणाले, चक्कीवाल्याला नागपंचमीच्या आदल्या दिवशी माप घ्यायला बोलावतो. मला रडू आलं आणि कशासाठी येतंय तेही नीट कळेना.

शेवटी मी विचारलं. भाकरी वाढत होते, ते मान खाली घालून जेवत होते. म्हटलं, मामंजी, ती ताडपत्री कशासाठी आहे?

त्यांनी तोंडातला घास संपवला. मग म्हणाले, "माती पडून हाय. कुस्ती न्हाई, खणणं न्हाई. दगड झालीया. अशा मातीत कुणाला उतरवत न्हाईत, मनगाट मोडतं." आणि भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "खणायला मला एकट्याला जमंना."

माझ्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. एवढंच होतं तर! म्हाताऱ्या माणसाला खणता येत नाही हे सांगायची लाज वाटत होती, आणि आम्ही त्याचं काय काय करून बसलो. खूप दिवस न खणलेली माती कडक होते आणि पडणाऱ्याचं हाड मोडते, हे मी त्यांच्याच तोंडून कितीदा ऐकलं होतं. त्याच संध्याकाळी मी भोईवाड्याला गेले. नर्सबाईची खोली जिन्यावरून पहिलीच. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाटेवर इस्त्री केलेली पांढरी साडी. तिच्या आईने चहा दिला. मी एका दमात सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "मग इतके दिवस का नाही सांगितलं त्यांनी?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"तुम्हाला पटलं?"

मी हो म्हटलं. तेव्हा मला खरंच पटलं होतं. ती म्हणाली, बघू.

नागपंचमीला जमीन खणत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी दुपारी खणायचं ठरलं. बायका आल्या, पंधराएक जणी असतील, सोडून गेलेल्यासुद्धा आल्या. नर्सबाई सगळ्यांत शेवटी आली आणि दाराशी उभी राहिली. मामंजी त्या दिवशी पायरीवर नव्हते. ते आत, मारुतीजवळ, आमच्याकडे तोंड करून उभे होते. त्यांना असं समोरून बघायची सवय नसल्यामुळे सगळ्यांनी पदर सावरले. त्यांनी स्वतः गोटे बाजूला केले आणि ताडपत्री गुंडाळत नेली. मग कोपऱ्यातली कुदळ उचलली, सगळ्यांना ओलांडून दारापर्यंत गेले आणि ती नर्सबाईच्या हातात दिली.

"उतर," म्हणाले.

तिने चपला काढल्या. वाकून मातीला हात लावला नाही, सरळ पाय ठेवला. कुदळ डोक्यावर नेली आणि जोर लावून घातली. आवाजच झाला नाही. लोण्यात सुरी जावी तशी कुदळ दांड्याजवळपर्यंत आत गेली, आणि तेलाचा, हळदीचा, आंबूस ताकाचा वास सगळ्या गाळ्यात भरला. माती कडक नव्हती. मामंजींनी ती रोज खणलेली होती, रोज कालवलेली. आम्ही आणलेलं सगळं त्या मातीत होतं.

मी नर्सबाईकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. मामंजी मारुतीच्या तसबिरीकडे बघत होते आणि त्यांची मान लाल झाली होती. मला वाटलं, आता ही कुदळ टाकून चालती होणार, आणि झाली तर तिचं काय चुकलं. 

नर्सबाईने कुदळ उपसली. "कडक आहे हो," ती मोठ्याने म्हणाली. "एकटीला नाही जमायचं. उतरा सगळ्या."

मग आम्ही सगळ्या उतरलो. खणलेलीच माती संध्याकाळपर्यंत खणली. कुणी कुदळीने, कुणी खुरप्याने, कुणी हातांनी. ज्यांना कळलं त्या गप्प राहिल्या, आणि ज्यांना कळलं नाही त्या म्हणत राहिल्या की अगो बाई, मऊ आहे की. मधेच चक्कीवाला मोजपट्टी घेऊन दारात आला आणि आत बघून तसाच थबकला. गाळा रिकामा कधी होणार, असं त्याने मामंजींना विचारलं. मामंजी म्हणाले, "गाळा भरल्याला हाय." तो यजमानांना शोधत वर गेला. वर काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण पुन्हा काही तो आला नाही.

दिवेलागणीला नर्सबाई आणि मी चाळीच्या नळावर पाय धूत होतो. बोटांच्या बेचक्यांतून पिवळं-तांबडं पाणी वाहत होतं. मला राहवेना. मी हळूच म्हटलं, माती मऊ होती.

"माहीत आहे."

म्हटलं, मग तुम्ही कडक का म्हणालात?

तिने तांब्याने पायावर पाणी घेतलं, टाच घासली. "माझ्या बापाला ह्याच भागातल्या एका तालमीच्या दारातून परत पाठवला होता," ती म्हणाली. "कुणी कारणसुद्धा दिलं नव्हतं. तुमच्या मामंजींना निदान खोटं बोलावं लागलं."

ह्यावर हसायचं की रडायचं, तिची माफी मागायची की मामंजींची बाजू घ्यायची, मला काही कळेना.  तिने तांब्यात उरलेलं पाणी माझ्या पायांवर ओतलं, चपला घातल्या आणि रात्रपाळीला निघून गेली.